ताडलं ते पेन्सिलीनं

“पाहिलं ते शाईनं लिहायचं, ताडलं ते पेन्सिलीनं. पेन्सिलीचं रबरानं खोडता येतं, पोरी. शाईचं खोडायला त्या माणसाच्या दारात जावं लागतं. जाशील?”

“जाईन,” असं तिनं बाबांना सांगितलं होतं. बाबांनी जन्मभर आगींचा तपास केला. त्यांच्यामागं तेच काम ती करत होती. आज मात्र शिवणकारखान्याच्या जळक्या खोलीत उभी असताना तिच्या हातात पेन होतं.

आग जेवणाच्या सुट्टीत लागली होती. माणसं वाचली. इस्त्रीच्या टेबलावरची गादी जळून काळी ठिक्कर पडली होती आणि तिच्यावर इस्त्री आडवी होती. वायरीची पिन भिंतीत खोचलेली, बटण वितळलेलं. ते चालू होतं की बंद, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मालकांना घाई होती. इस्त्रीवाल्या मावशी किती विसरभोळ्या, कालच चष्मा कपाळावर ठेवून सगळ्यांना कसा शोधायला लावला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. यातून काय निघतं ते शेंबडं पोरही सांगेल, म्हणाले.

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, “इस्त्री निवल्याशिवाय मी आडवी ठेवत नाही गं, बाई.”

दोन आणि दोन चार. तिनं शाईनं लिहिलं, चालू राहिलेल्या इस्त्रीमुळे आग. मालकांनी ओळ वाचली आणि मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वीस वर्षांची नोकरी तिथंच संपली. मावशींनी डबा उचलला आणि मान खाली घालून निघून गेल्या.

पुरावा म्हणून न्यायला तिनं इस्त्री उचलली.

खाली कापड पांढरं होतं. चहूकडे कोळसा आणि मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तेवढाच तुकडा, पिवळासुद्धा न पडलेला. तापलेल्या इस्त्रीनं आधी तोच जाळला असता. आग भलतीकडूनच आली होती. गार इस्त्रीनं उलट तेवढं कापड राखलं होतं.

आधीच्या ओळीखाली तिनं लिहिलं, इस्त्रीखालचं कापड पांढरं.

मालक कुरकुरले. मावशी गेल्या, कागद झाला, आता कशाला उकरून काढता? तिनं फक्त मावशींचं घर कुठं ते विचारलं.

“आत्ता तिथं कशाला, मॅडम?”

“खोडायला,” ती हळूच म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.