बोर्डाच्या डोक्यावर

"लाइनवर काम करायच्या आधी काय करायचं?" तिने विचारलं.

"फ्यूज काढायचा," बाबा म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष समोरच्या ताटात होतं.

"काढून कुठे ठेवायचा?"

"बोर्डाच्या डोक्यावर."

तिने पुस्तक मिटलं. "बाबा, खिशात. स्वतःच्या खिशात. गेल्या खेपेला तोंडी परीक्षेत ह्याच उत्तराला पाडलं त्यांनी तुम्हाला."

दारात चपला काढता काढता काका हसले. "अगं, इतकी वर्षं हा डोक्यावर ठेवतो आणि मी डोक्यावर बघतो. तिथे फ्यूज दिसला की समजायचं, दादा तारेला हात लावून बसलाय. दिसला नाही की मी लाइन चालू करायला मोकळा. आमचं कधी बोलायचं काम पडलं नाही."

"आणि तिसऱ्याच कुणी उचलून लावला तर?"

"तिसरा कशाला मरायला येतोय तिथे?"

दोघे भाऊ मिळून कारखान्यांतली, दुकानांतली वायरिंगची कामं घेत. आता लायसन असल्याशिवाय कुणी दारात उभं करत नव्हतं. दोघांत एक पुरलं असतं, म्हणून थोरले या नात्याने बाबा परीक्षेला बसले होते. जे काम झोपेतही केलं असतं, ते तोंडाने सांगायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. वाचून दाखवायचं आणि विचारायचं काम लेकीच्या गळ्यात पडलं होतं.

"नुसतं पाठ करून उपयोग नाही," ती म्हणाली. "उद्यापासून कामावरही खिशातच ठेवा. हाताला सवय लागली की तोंडात आपोआप येईल."

"बरं, मास्तरीणबाई."

"आणि घरी आल्यावर खिसे रिकामे करत जा. मला रोज तुमची झडती घ्यायला लावू नका. परवा तुमच्या स्क्रूने कपडे धुवायच्या मशीनची जाळी फाडली."

"दादा, तुझ्या खिशाचं काही खरं नाही," काका म्हणाले. त्यांनी पिशवी खाली टेकवली तसे आतले जादा फ्यूज एकमेकांवर आपटून वाजले. कारखान्यांतून फ्यूज कोण पळवतं कोण जाणे, म्हणून दोन-चार ते कायम जवळ बाळगत.

बाबांनी शेवटचा घास तोंडात टाकला आणि पुढचं विचार, अशी मान हलवली. अर्थिंगचं उत्तर त्यांनी न अडखळता दिलं. ते संपल्यावर स्वतःच स्वतःवर खूश होऊन त्यांनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणकारखान्याच्या मागच्या खोलीत ते शिडीवरून पडले. पडायच्या आधीच गेले होते, असं डॉक्टर म्हणाले.

काका तेव्हा पुढच्या खोलीत, बोर्डापाशी होते. "दादा फ्यूज काढायला विसरला," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "डोक्यात परीक्षा घोळत होती त्याच्या."

तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने बोर्ड उघडून पाहिला. फ्यूज जागच्या जागी होता. त्याने सही केली आणि तो निघून गेला.

दवाखान्यातून कपड्यांची पिशवी मिळाली. "टाकून दे," आई म्हणाली. लेकीने टाकली नाही. नेहमीसारखे खिसे तपासले, शर्ट बादलीत भिजवला, वाळल्यावर इस्त्री करून कपाटात ठेवून दिला.

भेटायला येणारी माणसं आधी हळहळत. मग कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी म्हणेच, "एवढा मुरलेला माणूस, पण बघा." ते ती ऐकून घेई. आईचं मात्र तिला ऐकवत नसे. आई फोटो पुसता पुसता फोटोवरच रागवायची. "एक फ्यूज काढायचा होता. एवढंसं काम. तेवढंही जमलं नाही तुम्हाला?"

घर थांबून राहत नाही. काका दोन्ही घरांत किराणा टाकत, आईची औषधं न सांगता आणत. पण लायसनवाचून तेही फार दिवस चाललं नसतं. एका संध्याकाळी ते आले आणि बाबांची खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर बसले.

"मलाही शिकव," ते म्हणाले. "दादाला शिकवलंस तसं."

तिने पुस्तक काढलं.

काका बाबांपेक्षा चटकन शिकले. ते वाळत चालले होते, त्यांना झोप लागत नाही असं काकू सांगत होती, पण उत्तरं चुकत नव्हती. ती ओळीने सगळे प्रश्न विचारत होती. एक पान मात्र ती रोज गाळून पुढे जायची. काकांनीही त्या पानाबद्दल कधी विचारलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आई चहा घेऊन बाहेर आली.

"भावजी, सावकाश उत्तरं द्या," ती म्हणाली. "आणि कामावर तुम्ही तरी विसरू नका हो. ह्यांच्यासारखं."

काकांनी कप उचलला. "नाही विसरणार, वहिनी." मग ते पुतणीकडे वळले. "झालं ना गं आपलं सगळं?"

ती आईकडे बघत होती. पदराच्या टोकाने आई फोटोची काच पुसत होती.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "लाइनवर काम करायच्या आधी काय करायचं?"

"फ्यूज काढायचा."

"काढून कुठे ठेवायचा?"

"बोर्डाच्या..." काकांनी कप बशीत ठेवला. "खिशात."

ती उठली. कपाट उघडून इस्त्री केलेल्या शर्टाखालून तिने एक वस्तू काढली आणि काकांच्या बशीशेजारी ठेवली. चिनीमातीचा पांढरा फ्यूज. त्यावर शिवणकारखान्याच्या बोर्डाचा लाल आकडा रंगवलेला होता.

काकांनी त्याला हात लावला नाही.

"हा कुठला गं?" आईने विचारलं.

"बाबांच्या खिशातला," ती म्हणाली. "त्या दिवशीच्या शर्टातला."