धंदा कसा चाललाय?

मी खिडक्यांना काचा बसवतो. भरबाजारात स्फोट झाला, त्या महिन्यात मला मान वर करायला फुरसत नव्हती. "स्फोट करणाऱ्यांना तिकडेच गाठलं की इकडे कुणी फिरकायचं नाही," म्हणत आमचा धाकटा फौजेबरोबर परदेशात लढायला गेला.

दर रविवारी त्याचा फोन येतो. सुखरूप आहात का, असं तो विचारत नाही. विचारतो, "बाबा, धंदा कसा चाललाय?" तीन वर्षं माझं एकच उत्तर होतं, "माश्या मारतोय रे." मग स्वारी खूश! "बघा, आमच्या लढण्याचा उपयोग होतोय. आता मधेच सोडून कसं येऊ?" फोनला कान लावून बसलेली त्याची आई उठून आत जायची.

शुक्रवारी बस स्टँडवर स्फोट झाला. आज फोन आला तेव्हा माझ्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"काचा पुरेनात रे," मी म्हणालो. "एकट्याला झेपत नाही. ये आता."

हिनं माझा हात घट्ट धरला.



"म्हणजे आम्हीच कमी पडलो, बाबा," तो म्हणाला. "आता तर मला येताच येणार नाही."