फुटली

गेले काही महिने जयसिंगरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. वडिलांची जुनी दुनळी बंदूक घेऊन ते दर रविवारी कर्वेनगरहून शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचे. यंत्रातून मातीची तबकडी हवेत सुटायची, ते बार काढायचे आणि मागे उभी असलेली त्यांची बायको, आनंदीबाई, म्हणायची, "फुटली." इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि हल्ली तर एकही नेम चुकत नव्हता. जयसिंगरावांना मात्र ती नारिंगी तबकडी आकाशात दिसतच नव्हती. अंदाजाने नळी फिरवायची आणि चाप ओढायचा, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

त्या रविवारी उठल्यापासून ते घरात येरझाऱ्या घालत होते. चहासुद्धा अर्धाच घेतला. रेंजवर पोचल्यावर त्यांनी तबकडी सोडायला सांगितलं, ती सुटल्याचा खटका ऐकला आणि मुद्दाम नळी खाली घेऊन समोरच्या मातीच्या बांधात बार काढला.

"फुटली," आनंदीबाई म्हणाली.

जयसिंगरावांनी बंदूक उघडली. रिकामं काडतूस काढलं, मग न उडवलेलं दुसरंही काढून खिशात टाकलं.

"मी बांधात मारली, आनंदी."

ते तिच्याकडे वळले.

"कधीपासून चाललंय हे?"

"अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून येऊन 'सगळं ठीक आहे' म्हणालात ना," आनंदीबाई म्हणाली, "त्या दिवसापासून."