कोटाचं माप

शिंप्याला एड्स झालाय हे कळलं, तशी गिऱ्हाइकं दारात येऊन आपापलं कापड परत मागू लागली. त्याची बायको एकेकाचं कापड निमूटपणे काढून देत होती. परक्यांचं काय मनावर घ्यायचं, अशी स्वतःची समजूत घालत होती. आज मात्र थोरला दीर आला आणि तोही नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

खाटेवर नुसती हाडं उरलेल्या शिंप्याने आतून आवाज ओळखला. "दादा आलाय का? आत ये म्हणावं. कोटाचं माप नव्याने घ्यायला हवं, पोट सुटलंय त्याचं."

"राहू दे," दीर बाहेरूनच म्हणाला. "कापड परत दे. कोट दुसरीकडे टाकतो. तुला सुया टोचतात, कापडाला रक्त लागतं. आमच्या घरात लेकरंबाळं आहेत."

शिंप्याने उशाखालून काढलेली मापाची टेप परत आत सारली. दोन महिन्यांत त्याच्या दारात आलेलं हे पहिलं घरचं माणूस होतं.

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कापड आणून दिलं आणि म्हणाली, "भाऊजी, मग अंगातला शर्टही काढून ठेवा. तो ह्यांनीच शिवलाय, गेल्या उन्हाळ्यात. आजार तेव्हाही होताच, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हता."

आता तरी हा माणूस शरमेने मान खाली घालेल, असं तिला वाटलं.

दिराने कापड काखेत मारलं आणि घाईघाईने शर्टाची वरची गुंडी सोडायला घेतली.