घरी कोण आहे?

“खांदा ओढू नका, कमरेला हात द्या,” सिस्टर म्हणाली.

ताईने कमरेखाली हात घातला आणि पेंटरला एका दमात कुशीवर वळवलं. गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली. चादरीची सुरकुती तळहाताने सपाट केली.

“पाय नीट आहेत का रे?”

“मला काय विचारतेस? पायांनाच विचार,” पेंटर म्हणाला.

सिस्टरला हसू आलं. माणूस थट्टा करू लागला होता.

परांचीवरून पडून मणका मोडला तेव्हापासून त्याचं छातीखालचं अंग गेलं होतं. ऑपरेशन झालं, जखमा भरल्या, चाकाच्या खुर्चीत बसता येऊ लागलं. भेटीच्या वेळी मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. शेजारच्या खाटांवर डबे उघडत, कुणी कुणाचे पाय चेपत, कुणाची भांडणंही होत. त्याच्या खाटेशी फक्त गणवेशातली माणसं येत.

डॉक्टरांनी एकदा सरळच विचारलं होतं, “घरी कोण आहे?”

पेंटर खिडकीबाहेर बघू लागला.

“हे आता आयुष्यभराचं आहे. कूस बदलायची, लघवीची नळी सांभाळायची, पाठीची कातडी रोज बघायची. पायाला चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही. एकट्याला मी घरी सोडणार नाही. कुणी नसेल तर मागच्या इमारतीत सोय करू.”

मागची इमारत त्याच्या खिडकीतून दिसे. तिथली माणसं वॉर्डबॉय सकाळी खुर्च्यांसकट बाहेर आणून ठेवत आणि ऊन सरकेल तशी सरकवत. ती एकमेकांशी बोलताना त्याला कधी दिसली नाहीत.

त्यानंतर तो रोज व्हरांड्यात न्यायला सांगू लागला. सगळ्या वॉर्डांतले नातेवाईक तिथल्या बाकांवर बसलेले असत. तिथे तरी माणसांचे आवाज होते.

मग एका राउंडला तो म्हणाला, “बहीण आहे मला. मोठी. येईल ती.”

आणि ताई आली. उंच, कमी बोलणारी, हातात कापडी पिशवी. फाटकावरच्या रखवालदाराने तिला पास विचारला नाही, की तिने कुणाला वॉर्ड विचारला नाही.

“इतके महिने कुठे होतात?” सिस्टरने जरा फटकूनच विचारलं.

“मिस्टर अंथरुणाला होते,” ताई म्हणाली. “गेले. आता मोकळी आहे.”

सिस्टरने पुन्हा तो विषय काढला नाही. एकेक गोष्ट शिकवत गेली. ताईचा हात आधीच बसलेला होता.

शेवटी डॉक्टरांनी परीक्षा घेतली. खाटेवर पडल्या पडल्या पेंटर एकेक उत्तर कान देऊन ऐकत होता.

“अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्याला घाम फुटला तर?”

“उठवून बसवायचं. नळी कुठे दुमडलीय का बघायची. नाहीच थांबलं तर लगेच इथे आणायचं.”

“आणि तुम्हाला कुठे बाहेर जावं लागलं तर?”

ताईने हातातली पिशवी जवळ ओढली.

“मला कुठे जायचंय?”

डॉक्टरांनी मान डोलावली.

घरी निघायच्या दिवशी वॉर्डबॉयने पेंटरला फळीवरून सरकवत गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. ताईने बुडाखालची गादी तपासली, खुर्चीची घडी करून डिकीत ठेवली आणि शेजारी येऊन बसली. सिस्टर फाटकापर्यंत आली होती.

“नशीब काढलंत बघा,” ती खिडकीतून म्हणाली. “आमच्या वॉर्डात सिस्टर पुष्कळ, बहिणी कमी.”

पेंटर शर्टाचं बटण लावत राहिला. ताईनेच हात हलवला.

गाडी रस्त्याला लागली. ड्रायव्हरने कुठे जायचं ते विचारलं. ताईने पत्ता सांगितला. तळमजला, दारात एक पायरी, समोर सायकलचं दुकान. पेंटर लक्ष देऊन ऐकत होता. मनातल्या मनात त्याने तो दोनदा घोकला.

दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

“ताई,” शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, “तुमचं नाव काय हो?”