जुनी रॅम, नवी रॅम

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या संघपालनं बटण दाबलं. पंखा फिरला, आतून लांब शिट्टी वाजली आणि पडदा काळाच राहिला.

"पुन्हा तेच," तो म्हणाला. "वैनी, दोघींचं पटून नाई राहिलं. जुनी रॅम अन् नवी रॅम एका घरात नांदून नाई राहिल्या."

रागिणीनं घड्याळाकडं पाहिलं. तीन वीस. चार वाजता तिची परीक्षा होती, पुण्याच्या एका कंपनीची, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. दोन वर्षं अर्ज करकरून ती पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत आली होती. चारच्या ठोक्याला आत शिरली नाही तर नोकरी गेली, मोबाईलवर ही परीक्षा चालत नाही. जुन्या रॅमवर परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडेना, म्हणून तर काल राजापेठेतून ही नवी आणली. वीतभरही नाही, मेमरीची हिरवी पट्टी, एका काठाला सोनेरी दात. संघपालनं ती आत्ताच बसवली होती.

दाराशी तिची सासू उभी होती. शकुनाबाई दसऱ्यासाठी हिवरखेडहून आल्या होत्या. कॉम्प्युटरमधलं त्यांना काडीचं कळत नव्हतं. तरी पडदा काळा का, हे त्या खोलीत त्यांनाच तेवढं ठाऊक होतं.

काल दसरा. घरात नवी वस्तू येते आणि तिला हळदीचं बोटही लागत नाही, असं कुठं असतं का हो? सून अंघोळीला गेल्यावर बाईंनी डबीतून पट्टी काढून देवापुढं ठेवली. कुंकू दिसलं असतं, म्हणून नुसती ओली हळद लावली, तीही सोनेरी काठावर. पिवळ्यावर पिवळं, कोणाच्या लक्षात येतं? सुनेच्या हाताला यश दे, एवढंच मागितलं आणि पट्टी जशीच्या तशी डबीत घातली. चोरूनच करावं लागलं. आल्या दिवशीच रागिणीनं बजावलं होतं, "आई, कॉम्प्युटरच्या कोण्याच वस्तूले हात नका लावू बरं."

संघपालनं दोन्ही पट्ट्या काढल्या. जुनीचे दात खोडरबरानं घासघासून लख्ख केले.

"अन् तिले?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "नव्या पट्टीले बी पुस ना बापा."

"मावशी, ते कोरी हाय. तिले काय पुसाचं?"

"आई, तुमी मधात नका बोलू," रागिणी म्हणाली.

संघपालनं जुनीच्या जागी नवी घातली, नवीच्या जागी जुनी. मग नवी एकटी, या खाचेत, त्या खाचेत. शेवटी नवी बाजूला ठेवून जुनी एकटीच लावली. कालपर्यंत तीच तर चालत होती. आता तीही चालेना. दर वेळी तीच लांब शिट्टी.

"आता जुनी बी बोलून नाई राहिली," संघपाल कपाळ पुसत म्हणाला. "बोर्डच गेला असन. दुकानात न्या लागते. संध्याकाळपावतर सांगतो."

तीन पस्तीस झाले होते. रागिणी पलंगावर बसली. रडली नाही. "झालं मग," एवढंच म्हणाली, आणि समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली.

सांगावं तर सून जन्मभर तोंड पाहणार नाही. न सांगावं तर तिची नोकरी आपल्या हातानं घालवली. शेतात सापावर पाय पडला होता तेव्हाही शकुनाबाई इतक्या भ्यायल्या नव्हत्या. तेव्हा निदान पळता तरी आलं होतं.

"हळद हाय तिले," त्या म्हणाल्या.

"कोणाले?" संघपालनं मान वर केली.

"नव्या पट्टीले. म्या लावली. पूजा केली काल."

संघपालनं पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, काठ नखानं खरवडला. नखात पिवळं आलं. "अन् म्या हे दोन्ही खाचांत घातली! म्हून जुनी बी बंद पडली." त्याला हसू येत होतं, पण रागिणीचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं. जुना दातांचा ब्रश मागितला, पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, पट्टी घासली, खाचा घासल्या, फुंकर मारमारून वाळवल्या. शकुनाबाई हात जोडून उभ्या होत्या. देवाला जोडले होते की संघपालला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

तीन एक्कावन्नला त्यानं बटण दाबलं. या वेळी शिट्टी आखूड वाजली आणि पडदा उजळला. दोन्ही रॅम चालू होत्या. संघपाल भराभरा सामान गोळा करून निघून गेला.

हळदीचं कळल्यापासून रागिणी सासूशी एक अक्षर बोलली नव्हती. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! ती खुर्चीवर बसली, केस नीट केले, कॅमेरा पुसला.

"आई, बाहेर बसा," ती म्हणाली. पाहिलं मात्र नाही.

परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं माणूस चालत नाही, हे तिनं सकाळीच सांगितलं होतं. बाई बाहेर आल्या. दार लागलं. मग कडीही लागली. कडी नियमाची की रागाची, हे शकुनाबाईंना कळेना. त्या तिथंच दाराबाहेर फरशीवर बसल्या.

आतून, कॉम्प्युटरमधून, परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या एका पुरुषाचा आवाज आला. "मॅडम, घरात तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?"

"नाही सर," रागिणी म्हणाली. "कोणीच नाही."

शकुनाबाईंनी हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, आणि वाजू नयेत म्हणून घट्ट धरून बसल्या.