दातांतली फुंकणी

पश्चिम बंगालातून येऊन जळगावात वसलेला सोन्याचा कारागीर घरी फुंकणीनं ज्योत फुंकून अंगठीच्या सांध्याला डाग देत होता. फौजदारानं दार लाथाडलं, त्याला भिंतीवर आपटलं. “बांगलादेशी आहेस, कबूल कर.” “वॉरंट दाखवा,” वकिलानं शिकवलेलं तो बोलला. मग फुंकणी दातांत धरून गप्प बसला. गप्प बसणं हाही त्याचा हक्क होता. पाठीवर काठी मोडली, बोटं बुटाखाली चिरडली, पितळी फुंकणी दातांखाली चेपली; हूं की चूं नाही. आतून बायको किंचाळली, “ओके मेरो ना.” ‘त्याला मारू नका’ हे बंगालीतच निघालं; नवऱ्याची भाषा संसारात तिच्या तोंडी बसली होती. “हीपण तिकडचीच. घाला जीपमध्ये,” फौजदार म्हणाला. हवालदारानं तिला वेणी धरून फरफटत नेलं. “साहेब, मी अमळनेरनी शे,” ती ओरडत राहिली. रक्ताळलेली फुंकणी दातांतून सुटून जमिनीवर पडली. कारागीर बायकोच्या अहिराणीत बोलला, “ती आठलीच शे, अमळनेरनी. तिले सोडा. बांगलादेशी मी शे.”